सीमेपलीकडचा स्वदेश : डॉ. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा

जोयडा तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर, कॅसलरॉक हे रेल्वे स्थानक आहे. येथून गाडी घाट उतरू लागते, बोगद्यांमागून बोगदे ओलांडते, दूधसागरच्या धबधब्याजवळून जाते आणि कुळे येथे गोव्याच्या सपाटीला लागते. १८८८ साली मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा हा लोहमार्ग पुरा झाला, तेव्हा त्याच्या वरच्या टोकाला ब्रिटिशांचे राज्य होते आणि खालच्या टोकाला पोर्तुगीजांचे. प्रवाशांचे सामान तपासले जाई, जकात घेतली जाई. घाटाच्या वर आणि खाली राहणाऱ्या माणसांची बोली एक, दैवते एक, सोयरीकही एक. तरीही कायद्याच्या दृष्टीने एकाने दुसऱ्याच्या गावी जाणे म्हणजे परदेशी जाणे होते. जोयड्याचा कुणबी समाज आपले मूळ गोव्यात असल्याचे सांगतो. त्याच्या वाडवडिलांनी हा घाट चढला, तेव्हा आपण देश सोडीत आहोत असे त्यांना वाटले असेल काय?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या आयुष्याने दिले आणि त्याची किंमतही मोजली, अशा पुरुषाचे चरित्र आपल्या ग्रंथालयाच्या या शताब्दी ग्रंथात असणे उचित होईल. गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक म्हणून ओळखले जाणारे डॉ. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा हे ते पुरुष होत.

कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी सासष्टीतील चांदर या गावी झाला. चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, एके काळची गोमंतकाची राजधानी. घराणे सुखवस्तू, ख्रिस्ती आणि सुशिक्षित होते. गोव्यातील थोर पत्रकार व विचारवंत लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे त्यांचे मेहुणे. अशा घरातील मुलांपुढे त्या काळी ठरलेली वाट असे : पोर्तुगीज शिक्षण, लिस्बनची पदवी आणि सरकारी हुद्दा. कुन्हा या वाटेने गेले नाहीत. पणजीतील शिक्षणानंतर ते पाँडिचेरीस गेले आणि तेथून फ्रान्सला. पॅरिसमध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली.

पॅरिसने त्यांना केवळ पदवी दिली नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या त्या शहरात आशिया व आफ्रिकेतील पारतंत्र्यात असलेल्या देशांचे तरुण एकत्र येत होते आणि साम्राज्यशाहीविरुद्धच्या चळवळी आकार घेत होत्या. कुन्हा या वर्तुळात वावरले. फ्रेंच नियतकालिकांत लेख लिहून त्यांनी जालियनवाला बागेतील हत्याकांड आणि गांधीजींची चळवळ हे विषय तेथील वाचकांपुढे मांडले. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, कायद्याने पोर्तुगालचा प्रजाजन असलेला हा तरुण फ्रान्सच्या राजधानीत हिंदुस्थानची बाजू मांडीत होता. आपण भारतीय आहोत, हे त्याने कोणत्याही न्यायालयाला विचारल्यावाचून मनाशी ठरवून टाकले होते.

१९२६ साली ते गोव्यास परतले. त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि पुढे सालाझारच्या दीर्घ हुकूमशाहीचा पाया घातला गेला. १९१० च्या प्रजासत्ताकाने गोमंतकीयांना जे थोडेबहुत नागरी स्वातंत्र्य दिले होते, ते पाहता पाहता आटले. १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने गोव्याचे दुय्यम स्थान उघडपणे नोंदविले. वृत्तपत्रांवर नियंत्रणे आली, सभाबंदी आली. लग्नपत्रिका छापावयाची तरी पूर्वपरवानगी लागावी, इतका तो जाच वाढला.

कुन्हा यांनी १९२८ मध्ये मडगाव येथे गोवा काँग्रेस समितीची स्थापना केली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनात अखिल भारतीय काँग्रेसने या समितीला संलग्नता दिली. गोवा हा हिंदुस्थानचाच भाग आहे, या विचाराला मिळालेली ही पहिली संघटित मान्यता होय. परंतु पुढे १९३४ च्या सुमारास काँग्रेसने आपल्या विदेशी शाखांची संलग्नता काढून घेतली, आणि त्यांत गोव्याची समितीही आली. पोर्तुगीज सरकार गोव्याला हिंदुस्थानबाहेरचे मानीत होते, ते समजण्यासारखे होते. राष्ट्रीय सभेनेही त्याला विदेशांत जमा करावे, हा घाव अधिक खोल होता. कुन्हा यांनी त्याबद्दल राष्ट्रीय चळवळीशी फारकत घेतली नाही. ते लिहीत राहिले, माणसे जोडीत राहिले.

त्यांच्या कार्याचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. गोव्यातील गरीब कुणबी मजुरांना आसामच्या चहामळ्यांत नेले जाई. भाषा न कळणाऱ्या मुलखात, करारांच्या जाळ्यात, ही माणसे हलाखीत दिवस काढीत. कुन्हा यांनी त्यांची दुःस्थिती चव्हाट्यावर आणली आणि त्यांना गोव्यास परत आणण्यासाठी खटपट केली. जोयड्याच्या रानात ज्यांचे भाऊबंद नांदतात, त्याच समाजाची ही माणसे. सुखवस्तू घरातील, फ्रान्समध्ये शिकलेल्या अभियंत्याने त्यांच्यासाठी झिजावे, यावरून त्यांचा राष्ट्रवाद केवळ ध्वजापुरता नव्हता हे दिसते.

१९४४ साली त्यांनी गोमंतकीयांच्या विराष्ट्रीयीकरणावर एक पुस्तिका इंग्रजीत लिहिली. सक्तीची धर्मांतरे, १५६० ते १८१२ पर्यंत, मधला अल्प काळ सोडल्यास, चाललेले इन्क्विझिशन, १६८४ चा कोकणी भाषेविरुद्धचा हुकूम, पोशाख व आचार यांवरील बंधने यांचा आढावा घेऊन त्यांनी निष्कर्ष काढला की, चार शतकांच्या सत्तेने गोमंतकीयांची जमीनच नव्हे, तर स्वत्वाची जाणीवही हिरावली आहे. स्वतः ख्रिस्ती समाजात जन्मलेल्या लेखकाने आपल्याच वर्गाच्या अनुकरणप्रियतेवर एवढ्या परखडपणे बोट ठेवावे, हे अनेकांना रुचले नाही. परंतु ज्या पिढीने दोनच वर्षांनी रस्त्यावर उतरून सभाबंदी मोडली, तिच्या मनाची मशागत अशाच लेखनाने झाली होती.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदी मोडली आणि गोव्यात सविनय कायदेभंगाचे पर्व सुरू झाले. लोहियांना हद्दपार करण्यात आले. पण पेटलेली ज्योत विझली नाही. पंचावन्न वर्षांचे कुन्हा त्या चळवळीत अग्रभागी होते. जुलैमध्ये त्यांना अटक झाली आणि आग्वादच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. लष्करी न्यायाधिकरणापुढे खटला चाललेले ते पहिले गोमंतकीय नागरिक मानले जातात. न्यायाधिकरणाने त्यांना दोषी ठरवून आठ वर्षांची शिक्षा दिली व पोर्तुगालला रवाना केले. सरकारच्या दप्तरी ते आता शिक्षा झालेले गुन्हेगार होते.

पेनिश हा अटलांटिकच्या काठावरचा किल्ला सालाझारच्या राजवटीत राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. आज त्याचे प्रतिकार व स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय झाले आहे. कुन्हा यांच्याबरोबर पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे आणि जुझे इनासियो द लॉयोला हे गोमंतकीयही तेथे बंदिवान होते. हिंदू आणि ख्रिस्ती, वैद्य, शिक्षक आणि पत्रकार असे हे सहबंदी पाहिले म्हणजे गोव्याची चळवळ एका धर्माची वा एका वर्गाची नव्हती, याची खात्री पटते.

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला, तेव्हा कुन्हा तुरुंगात होते. १९५० मध्ये सवलतीने त्यांची सुटका झाली. पण ती नावापुरती. गोव्यास परतण्याची मुभा नव्हती. लिस्बनमध्ये पोलिसांच्या नजरेखाली राहणे नशिबी आले. त्यातच १९५१ साली पोर्तुगालने राज्यघटना बदलून वसाहतींना सागरपार प्रांत असे नाव दिले. या नव्या व्यवस्थेप्रमाणे लिस्बन हा कुन्हा यांचा स्वदेश आणि मुंबई हा परदेश ठरत होता. ज्या असत्याविरुद्ध त्यांनी आयुष्यभर लिहिले, तेच आता घटनेच्या कलमांत जाऊन बसले.

१९५२ मध्ये कुन्हा यांनी पहारा चुकवून पोर्तुगाल सोडले आणि पॅरिस गाठले. वय एकसष्ट. हे शहर त्यांच्या तारुण्याचे होते. भाषा अवगत होती, हाती विद्या होती. दंडित माणूस परदेशी जातो तो बहुधा यासाठी की, तेथे आपला पूर्वेतिहास कोणाला ठाऊक नसावा आणि उरलेले आयुष्य निवांत जावे. असे निवांत आयुष्य कुन्हा यांना पॅरिसमध्ये लाभू शकले असते, आणि त्यासाठी कोणी त्यांना दोषही दिला नसता. त्यांनी ते स्वीकारले नाही. १९५३ साली ते मुंबईस येऊन दाखल झाले.

मुंबईत त्यांनी आयुष्याची नव्याने मांडणी केली, ती जुन्याच कार्यासाठी. गोव्याच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या गटांत एकवाक्यता नव्हती. साधनांविषयी मतभेद होते, पुढाऱ्यांत हेवेदावेही होते. कुन्हा यांनी गोवा कृती समिती उभारून या गटांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला आणि ‘फ्री गोवा’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. गोव्यातील दडपशाहीच्या बातम्या, पोर्तुगालच्या प्रचाराचे खंडन आणि गोवा भारतात विलीन झाला पाहिजे याचे प्रतिपादन, असे त्याचे स्वरूप होते. जी शिक्षा त्यांना बदनाम करण्यासाठी ठोठावली गेली होती, तीच आता त्यांच्या शब्दाला वजन देत होती.

या काळातच आपला सीमाभाग गोव्याच्या लढ्याची उघडी आघाडी झाला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी ठिकठिकाणांहून निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले. त्यांतील एक वाट कॅसलरॉकची होती. पोर्तुगीजांच्या गोळीबारात अनेकांना हौतात्म्य आले. त्यानंतर भारत सरकारने आर्थिक कोंडी केली, सामुदायिक सत्याग्रहास मनाई केली आणि घाटातली आगगाडी बंद पडली. चळवळीवर निराशेचे सावट आले. मुंबईत बसून नियतकालिक चालविणाऱ्या वृद्ध कार्यकर्त्याला ही वर्षे किती जड गेली असतील, याची कल्पनाच करावी. जन्मगाव आगबोटीने एका रात्रीच्या अंतरावर होते. पण तेथे पाऊल ठेवताच पुन्हा आग्वाद होता.

२६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत कुन्हा यांचे निधन झाले. वय सदुसष्ट. १९४६ मध्ये बेड्यांसह सोडलेला गोवा त्यांना पुन्हा पाहावयास मिळाला नाही. शिवडीच्या स्कॉटिश दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. पुढील वर्षी जागतिक शांतता परिषदेने त्यांचा मरणोत्तर गौरव केला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला; त्याच वर्षी त्यांचे निवडक लेखन इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. १९८६ साली त्यांचे अवशेष मुंबईहून गोव्यास नेण्यात आले आणि पणजीच्या आझाद मैदानावरील स्मारकात ठेवण्यात आले. घरी परतण्यास त्यांना चाळीस वर्षे लागली.

यशाचे माप केवळ फळावरून घेतले, तर कुन्हा यांचे आयुष्य अपुरे वाटेल. त्यांनी स्थापिलेल्या समितीची संलग्नता गेली, त्यांचे ऐक्याचे प्रयत्न तोकडे पडले, आणि स्वातंत्र्याची पहाट त्यांच्या मागे उगवली. परंतु आपला देश कोणता, हे ठरविण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही, घटनेच्या कलमाला नाही आणि नकाशावरील रेषेलाही नाही, हे त्यांनी वर्तनाने दाखविले. ज्याला कायदा परदेश म्हणत होता, तेथे ते स्वदेश म्हणून आले आणि अखेरपर्यंत तसेच राहिले.

आज कॅसलरॉकहून गाडी घाट उतरते, तेव्हा कोणी सामान उघडून पाहत नाही, कोणी परवाना मागत नाही. जोयड्याचा कुणबी कुळ्यास उतरून आपल्या आप्तांकडे जातो, आणि आपण कधी काळी परक्या राज्यात आलो असतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. हे विस्मरणच कुन्हा यांच्या श्रमांचे फळ आहे. तथापि त्यामागील माणसाचे विस्मरण होऊ नये, एवढी जबाबदारी आपल्या ग्रंथालयांवर आहे.