अल्प तिकिटाचे मोठे मोल: पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

२१ ऑगस्ट हा पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा स्मृतिदिन. १९३१ साली याच दिवशी मिरजेत त्यांचे देहावसान झाले. गोव्यात आज प्रवेशिकेपासून विशारद-अलंकारपर्यंतच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींना गांधर्व हे नाव परिचयाचे असते. परंतु त्या नावामागे एका गवयाने आपल्या संसाराचे आणि आयुष्याचे केवढे मोल दिले, याची जाणीव क्वचितच असते. कलावंताने अल्प मोबदल्यात गावे की गाऊ नये, हा प्रश्न आजही प्रत्येक होतकरू गायक-वादकाला छळतो. पंडितजींचे चरित्र म्हणजे या प्रश्नाला दिलेले एक प्रदीर्घ, काहीसे वेदनादायक, परंतु अत्यंत प्रामाणिक उत्तर आहे.

हे उत्तर समजून घेण्यासाठी आधी माळव्याकडे वळावे लागते. क्षिप्रेच्या काठी वसलेले उज्जैन हे १८१० पर्यंत शिंद्यांच्या राज्याचे मुख्य ठाणे होते. तेथील महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर या सारस्वत मुत्सद्द्याने केला, हे गोमंतकीय वाचकांस विशेष आपुलकीचे वाटावे. पुढे राजधानी ग्वाल्हेरला गेली आणि तेथेच शिंद्यांच्या आश्रयाने हस्सूखाँ-हद्दूखाँ यांची ख्यालगायकी बहरली. उज्जैन, देवास, धार, इंदूर या साऱ्या मराठी अमलाखालील माळव्यात गवयाचे जगणे दरबाराशी बांधलेले होते. महिन्याचे ठरलेले वेतन, सणासमारंभाला शेला-पागोटे, राजाची मर्जी असेल तर वर्षासन. परगावच्या गवयाची स्थिती याहून बिकट. त्याने संस्थानात यावे, कारभाऱ्याच्या दारी हजेरी लावावी, बोलावणे येईपर्यंत पदरचे खाऊन राहावे आणि गाणे झाल्यावर हाती पडेल ती बिदागी मुकाट्याने स्वीकारावी. तिचा आकडा ठरविण्याचा अधिकार गाणाऱ्याकडे कधीच नसे.

याच भूमीतून ही विद्या दक्षिणेत उतरली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तरुणपणी धारला देवजीबुवांकडे शिकले आणि पुढे हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून त्यांनी ग्वाल्हेरची तालीम घेतली. ती गायकी घेऊन ते महाराष्ट्रात परतले आणि मिरजेस राहिले. तेथे त्यांच्यापुढे एक अंधूक दृष्टीचा मुलगा येऊन बसला.

विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. त्यामुळे सूर, ताल आणि श्रोत्यांशी संवाद साधण्याची हातोटी घरातूनच लाभली. दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि मुलाची दृष्टी कायमची अधू झाली. शाळेचा मार्ग खुंटला. उपचारासाठी मिरजेत आलेल्या या मुलाच्या गळ्यातील गुण तेथील संस्थानिकांनी हेरला आणि त्याला बाळकृष्णबुवांच्या स्वाधीन केले. संस्थानाचा आश्रय होता, गुरूची कडक तालीम होती, पुढे दरबारी गवई म्हणून स्थिर आयुष्य मिळण्याची शाश्वतीही होती.

चरित्रकारांनी नोंदविलेला एक प्रसंग या आयुष्याला वळण देणारा ठरला. मिरजेतील एका सार्वजनिक समारंभाचे निमंत्रण राजाश्रय लाभलेल्या विष्णूला मिळाले. मात्र त्याच्या गुरूंना मिळाले नाही. चौकशी करता, गवयाला कशाला बोलवायचे, अशा आशयाचे उत्तर मिळाले. ज्या माणसाकडे विद्या होती त्याला गावात प्रतिष्ठा नव्हती, आणि शिष्याला जी प्रतिष्ठा होती ती राजाच्या नावाची होती. हे उमगल्यावर मिरजेत राहणे त्या मानी तरुणाला अवघड झाले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडले.

औंध, सातारा, बडोदा असा प्रवास करीत ते सौराष्ट्रात पोहोचले. तेथे १८९७ च्या सुमारास त्यांनी जे केले, ते त्या काळी धाडसाचे होते. त्यांनी गाण्याच्या जलशाला तिकीट लावले. नाटकाला तिकीट असते हे लोकांना ठाऊक होते. अभिजात गाणे मात्र राजवाड्यात, सरदाराच्या दिवाणखान्यात किंवा देवळाच्या सभामंडपात ऐकायचे असते, असा समज होता. पैसे मोजून कोणीही यावे, पुढे बसावे आणि गाणे ऐकावे, ही कल्पनाच नवी होती. पुढे सामान्य माणसाला परवडतील असे दर ठेवणे हे त्यांच्या जलशांचे धोरणच झाले.

वरवर पाहता हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. एका खूश झालेल्या संस्थानिकाची बिदागी जेवढी, तेवढी रक्कम चार-आठ आण्यांच्या मानाने जमवायची तर कितीतरी माणसे जमली पाहिजेत. शिवाय जागेचे भाडे, दिवाबत्ती, जाहिरातीचे कागद, साथीदारांचा मेहनताना हा सारा खर्च गवयाच्याच शिरावर. परंतु या व्यवहारात एक मूलगामी बदल दडलेला होता. दर कलावंताने ठरविला होता. तो कमी होता, तरी कोणाच्या मेहेरबानीचा नव्हता. तिकीट काढून आलेल्या माणसाचा गवयावर उपकार नव्हता आणि गवयाचाही त्याच्यापुढे लवून उभे राहण्याचा प्रसंग नव्हता. अल्प मोबदला आणि अवमान या दोन गोष्टी तोवर एकत्रच नांदत आल्या होत्या. पंडितजींनी त्यांची फारकत केली.

त्यासाठी त्यांनी स्वतःवर आणि शिष्यांवर कडक शिस्त लादली. जलसा ठरल्या वेळी सुरू होई. पोशाख नीटनेटका असे. गवई म्हणजे व्यसनी, बेभरवशाचा माणूस, ही समाजातील प्रतिमा पुसून टाकण्याचा त्यांनी ध्यास घेतला. बंदिशींतील शृंगारिक शब्द बदलून त्या जागी भक्तिपर शब्द घालण्यापर्यंत ते गेले. या बदलांवर रसिकांनी आणि अभ्यासकांनी पुढे टीका केली, आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. परंतु सभ्य कुटुंबांतील स्त्री-पुरुषांनी गाणे ऐकायला आणि शिकायला यावे, हा त्यामागील हेतू मात्र साध्य झाला.

ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे फिरत ते पंजाबात गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाश्रयाऐवजी लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ही संगीतशाळा होती. आरंभी विद्यार्थीच येईनात. तरीही ठरलेल्या वेळी शाळा उघडून पंडितजी एकटेच रियाज करीत बसत, असे सांगितले जाते. हळूहळू वर्ग भरू लागले. ‘संगीत बालप्रकाश’, ‘रागप्रवेश’ यांसारखी क्रमिक पुस्तके त्यांनी स्वतःच्या स्वरलेखन पद्धतीने छापली. स्त्रियांसाठी वर्ग निघाले. गुणी परंतु गरीब मुलांना त्यांनी राहण्याजेवण्याची सोय करून शिकविले. त्या बदल्यात त्यांनी दीर्घ काळ संस्थेत राहावे आणि पुढे संगीताचे शिक्षक व्हावे, अशी अट असे.

येथे या चरित्रातील दुसरा, अधिक कठीण भाग सुरू होतो. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली आणि ती लाहोरपेक्षाही वाढली. विद्यालय आणि वसतिगृह यांसाठी स्वतःची इमारत हवी म्हणून पंडितजींनी मोठे कर्ज काढले. कर्जाच्या फेडीसाठी ते गावोगाव जलसे करू लागले. स्वस्त तिकिटाचे जलसे एका कलावंताचा आणि त्याच्या साथीदारांचा चरितार्थ चालवू शकतात. विनामूल्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे वसतिगृह, शिक्षकांचे पगार, छापखान्याचा खर्च आणि त्यावर सावकाराचे व्याज एवढा भार ते पेलू शकत नाहीत. देशभर कीर्ती पसरलेला हा गवई व्याजामागे धावत राहिला. १९२४ साली ते दौऱ्यावर असताना सावकारांनी जप्ती आणली आणि मुंबईच्या विद्यालयाची वास्तू लिलावात गेली.

तोवर त्यांचे मन भक्तीकडे वळले होते. १९२२ च्या सुमारास नाशिकला रामनाम आधार आश्रम उभा राहिला होता. काँग्रेसच्या अधिवेशनांतून वंदे मातरम् गाणारे, सभांना रामधून शिकविणारे पंडितजी अखेरच्या वर्षांत भगव्या वेषात रामकथा सांगत. घरातही दुःखाला तोटा नव्हता. अनेक अपत्ये बालपणीच गेली; उरलेला पुत्र दत्तात्रेय वडिलांच्या निधनसमयी अवघा दहा वर्षांचा होता. हाच मुलगा पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून विख्यात झाला, आणि १९५५ साली ऐन तारुण्यात तोही गेला.

मग हिशेब काय उरला? रोख रकमेच्या वहीत पाहिले तर शिल्लक काहीच नाही. परंतु दुसऱ्या वहीतील नोंदी पाहाव्यात. मुंबईत तयार झालेले ओंकारनाथ ठाकूर १९१६ साली लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले. नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले आणि दांडीयात्रेत चालले. बी. आर. देवधरांनी मुंबईत आपली संगीतशाळा काढली. विनायकबुवा पटवर्धन गंधर्व नाटक मंडळीत नामांकित गायक-नट होते. गुरूंच्या निधनानंतर त्यांनी रंगभूमी सोडली आणि १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. शिष्यांनी १९३१ सालीच गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. आज देशभर आणि गोव्यातही ज्यांच्या परीक्षा होतात, ते हेच मंडळ. संगीतशिक्षक हा एक सन्माननीय, नियमित उत्पन्नाचा व्यवसाय असू शकतो, ही गोष्टच पंडितजींच्या पिढीने निर्माण केली.

माळव्याचे ऋणही फिटले. देवधरांचे शिष्य कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन उज्जैनपासून जवळच असलेल्या देवासला आले. तेथील लोकगीतांनी त्यांच्या गाण्याला नवे रूप दिले आणि उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. देऊन गौरविले. धार आणि ग्वाल्हेरहून मिरजेला गेलेली विद्या, लाहोर-मुंबईच्या शाळांतून फिरून, पुन्हा क्षिप्रेच्या मुलखात नव्या सुरांनी नांदली.

आज गोव्यातील तरुण तबलजी, पेटीवादक किंवा गायिका यांच्यापुढे उभा राहणारा प्रश्न वेगळ्या वेषातील तोच जुना प्रश्न आहे. जत्रेतील नाटकाची साथ, देवळातील भजन सप्ताह, हॉटेलातील सायंकाळचे गाणे, ओळखीच्यांच्या घरचा कार्यक्रम: मानधन तुटपुंजे, आणि नकार द्यावा तर पुढचे बोलावणे बंद होण्याची भीती. पंडितजींच्या आयुष्यातून यावर सरसकट होकार मिळत नाही आणि सरसकट नकारही मिळत नाही. मिळतात त्या काही कसोट्या. मोबदला कमी ठेवण्याचा निर्णय कलावंताचा आहे की यजमानाने तो लादला आहे? त्या कार्यक्रमातून नवा श्रोता किंवा नवा विद्यार्थी जोडला जातो, की केवळ कोणाच्या समारंभाची शोभा वाढते? वेळ, वेष आणि वागणूक यांबाबत कलावंताचा मान राखला जातो का? आणि शेवटची, जी पंडितजींना स्वतःला पाळता आली नाही: या अल्प उत्पन्नावर आपण जेवढा भार टाकीत आहोत, तेवढा ते खरोखर सोसू शकेल का?

पहिल्या तीन कसोट्यांवर हा थोर गायक पूर्णपणे उतरला, आणि म्हणूनच गवयाला समाजात ताठ मानेने बसता येऊ लागले. चौथीवर तो हरला आणि त्याची किंमत त्याने व त्याच्या घराने मोजली. त्याच्या यशाचा वारसा सांगताना या अपयशाचाही धडा नव्या कलावंतांनी जवळ ठेवला, तर त्यांच्या वाटेवरचे काही काटे तरी कमी होतील.