श्रीनामदेवराय आणि त्यांच्या वाणीची अक्षरे

श्रीनामदेवरायांचे चरित्र आमच्या ज्ञातीतील घरोघरी लहानपणापासून ऐकिले जाते. तेव्हा या अंकात ते पुन्हा सांगण्याचे प्रयोजन काय, असे सुज्ञ वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. प्रयोजन इतकेच की, नामदेवरायांची वाणी जिभेवरून कागदावर आणि कागदावरून आता काचेच्या पडद्यावर कशी आली, हा चरित्राचाच एक भाग आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही.

हिंगोली शहरापासून जवळच, कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून हिंगोली जिल्हा वेगळा झाला व हे क्षेत्र त्या जिल्ह्यात आले. परंपरेप्रमाणे शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० च्या कार्तिक शुद्ध एकादशीस दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी नामदेवरायांचा जन्म झाला. जन्म नरसीस की पंढरपुरास, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि त्यांच्या घराण्याचे मूळ नरसीचे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. विवाह राजाईशी झाला. नारा, विठा, गोंदा व महादा हे चार पुत्र आणि लिंबाई ही कन्या. घरातील दासी जनाबाई हीही अभंग रचीत असे. ज्या घरात सुई-दोऱ्यावर उदरनिर्वाह चाले, त्या घरातील बहुतेक सर्व माणसांच्या नावे अभंग सापडावेत, हे केवढे आश्चर्य!

गोरोबांनी मडकी थापटण्याच्या थापटण्याने संतांची परीक्षा घेतली आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले. गुरू शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले पाहून शिष्य चकित झाला, आणि पाय ठेवण्यास देव नाही अशी जागाच नाही, हा बोध त्यास तेथे मिळाला. औंढाही आमच्याच जिल्ह्यात आहे. ज्ञानदेवांसमवेत त्यांनी तीर्थयात्रा केली. १२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली, तेव्हा नामदेव तेथे होते, असे गाथेतील समाधीप्रकरणावरून दिसते. पुढे ते उत्तरेकडे गेले आणि पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले, अशी परंपरा आहे. १३५० साली आषाढ वद्य त्रयोदशीस पंढरपूरच्या महाद्वारी त्यांनी देह ठेविला.

आता वाणीकडे वळू. नामदेवराय हे कीर्तनकार होते. उभे राहून, टाळ-वीणा घेऊन, समोरच्या माणसांस ऐकविणे हा त्यांचा धर्म. त्यांच्या हातचे एकही पान आज उपलब्ध नाही. कोणत्या संताचे अभंग कोण लिहून घेई, याची यादी जनाबाईंच्या नावे असलेल्या एका अभंगात आहे. ज्ञानदेवांचे चिदानंदबाबा, सावतोबांचे काशिबा गुरव, चोखोबांचे अनंतभट्ट, आणि खुद्द जनीचा लेखक प्रत्यक्ष पांडुरंग! तिच्यासारख्या दासीचे शब्द कोणी लिहून ठेविले असते, या प्रश्नाचे याहून मार्मिक उत्तर आम्हांस माहीत नाही.

पुढे शतकानुशतके ही वाणी कीर्तनकारांच्या बाडांतून वाहिली. बाड म्हणजे कीर्तनासाठी स्वतःपुरती उतरून घेतलेली वही. तीत नामदेव, एकनाथ, तुकाराम सारे शेजारी शेजारी बसत. उतरणारा जे ऐके ते लिही, आणि जे आठवे ते जोडी. त्यातच सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे कवी झाले. अखेरच्या चरणात दोघांचीही मुद्रा नामा हीच. तेव्हा कोणता अभंग कोणाचा, हा गुंता संशोधकांस आजपर्यंत पूर्णपणे सुटलेला नाही.

छापखाना आला तेव्हा हा गुंता त्याच्याकडे जसाच्या तसा गेला. तुकारामांची गाथा मुंबई सरकारच्या साह्याने शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ पासून छापून काढली. नामदेवांच्या वाट्यास हे भाग्य उशिरा आले. १८९० च्या दशकात पुण्यास रावजी श्रीधर गोंधळेकर यांनी व १८९४ साली मुंबईस तुकाराम तात्या पडवळ यांनी त्यांची गाथा प्रसिद्ध केली. त्या काळी आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, दरबारी भाषा उर्दू होती. नरसीच्या संताची छापील गाथा पुण्या-मुंबईहून आणावी लागे. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात सामील झाला, आणि सप्तशताब्दीच्या निमित्ताने १९७० साली महाराष्ट्र शासनाने श्रीनामदेव गाथा प्रकाशित केली. तीत दोन हजारांहून अधिक अभंग आहेत. अनेक ज्ञातिबांधवांच्या देव्हाऱ्यात आजही हीच प्रत असते.

याउलट पंजाबात काय झाले पाहा. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. हे नामदेव आणि आपले नामदेव एकच की कसे, याविषयी काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे. आम्ही परंपरेच्या बाजूचे आहोत. ग्रंथ एकदा सिद्ध झाल्यावर त्यातील अक्षर बदलावयाचे नाही, असा शिखांचा दंडक. आज त्याच्या प्रमाण छापील प्रतीची पृष्ठे १४३० असतात. अमृतसरास उघडा की आमच्या शेजारच्या नांदेडास, ठराविक पद ठराविक पृष्ठावरच सापडते. तो ग्रंथ पडद्यावर आला, तेव्हा पृष्ठांकही बरोबर आला. आमच्या गाथेचे तसे नाही. एका आवृत्तीतील अभंगाचा क्रमांक दुसरीत जुळत नाही. आणि भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या अभंगास तर बहुधा क्रमांकही नसतो आणि आवृत्तीही नसते.

पडद्याविरुद्ध आमची तक्रार आहे असे कोणी समजू नये. दृष्टी मंदावलेल्या वृद्धास दोन बोटांनी अक्षर मोठे करता येते, ही सोय कोणत्या मुद्रकाने दिली होती? परदेशी गेलेल्या मुलांस गाथेचे जाडजूड ओझे नेणे शक्य होत नाही. जुन्या प्रतीची पानोपान छायाचित्रे घेऊन ठेविली, तर वाळवीचे भय नाही, आणि तळटीपांतील पाठभेदही शाबूत राहतात. आमचा आक्षेप सुट्या अभंगास आहे. समाधीप्रकरण किंवा तीर्थावळी ही एकामागून एक वाचावयाची कथा आहे. त्यातील एकच अभंग उचलून पाठविला, तर बोलणारा कोण, विठ्ठल की नामा की निवृत्ती, हेच कळत नाही. कागदावर निदान मागचे-पुढचे अभंग त्याला धरून उभे असतात. आणि चार ओळी कोणीही जुळवाव्या, खाली नामा लिहावे व सकाळी शंभर घरांस धाडावे, हा प्रकार बाडांच्या काळापेक्षा शंभरपट वेगाने चालू आहे. बाड उतरणाऱ्यास निदान बोरू झिजवावा लागे.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे. घरात जुनी गाथा किंवा वाडवडिलांचे बाड असेल, तर ते रद्दीत घालू नये. त्याची छायाचित्रे घ्यावीत, पहिले पान व प्रकाशनाचे वर्ष त्यात अवश्य असावे, आणि मूळ प्रत लाल फडक्यात बांधून कोरड्या जागी ठेवावी. अभंग कोणास पाठविताना गाथा कोणती व क्रमांक कोणता, इतके दोन शब्द खाली लिहावेत. बाडात अनोळखी अभंग आढळल्यास तो आमच्याकडे प्रत करून धाडावा. पुढील अंकात तो शासकीय गाथेशी ताडून, पाठभेदांसह छापण्याचा आमचा विचार आहे.