निकोलस कॅलन

निकोलस जोसेफ कॅलन (२२ डिसेंबर, १७९९ – १० जानेवारी, १८६४) हे आयर्लंडमधील कॅथलिक धर्मगुरू, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि इंडक्शन कॉइल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवर्तन वेटोळ्याचे आद्य संशोधक होते. घटातून मिळणारा एकदिश प्रवाह वेगाने तोडून-जोडून त्यापासून वेगळ्या दाबाची वीज मिळवता येते, हे त्यांनी यंत्र बांधून दाखवले. आजच्या स्विचिंग पॉवर सप्लायची रचना याच तत्त्वावर उभी आहे.

जीवन

कॅलन यांचा जन्म लाउथ परगण्यातील दार्व्हर येथे झाला. मेनूथ येथील सेंट पॅट्रिक्स कॉलेजात शिकून १८२३ मध्ये ते धर्मगुरू झाले. पुढील अभ्यासासाठी ते रोमला गेले आणि तेथे गॅल्व्हानी व व्होल्टा यांच्या कार्याशी त्यांचा परिचय झाला. १८२६ मध्ये ते मेनूथ येथे प्राध्यापक झाले व अखेरपर्यंत त्याच पदावर राहिले. धर्मशास्त्र शिकवणाऱ्या त्या संस्थेत विजेच्या प्रयोगांना फारसे महत्त्व नव्हते, तरीही त्यांनी ते निष्ठेने चालू ठेवले.

संशोधन

लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी गुंडाळली, तरी पहिल्यातून वाहणाऱ्या स्थिर प्रवाहाने दुसऱ्यात वीज निर्माण होत नाही. त्यासाठी चुंबकीय क्षेत्र बदलावे लागते. प्रवाह एकाएकी तोडला की क्षेत्र झपाट्याने कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात मोठा दाब उत्पन्न होतो. कॅलन यांनी १८३६ मध्ये जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे पुष्कळ वेढे देऊन असे वेटोळे तयार केले. प्रवाह वारंवार तोडण्यासाठी त्यांनी घड्याळाची यंत्रणा वापरली. १८३७ मधील त्यांच्या मोठ्या यंत्रात प्रवाह सेकंदाला सुमारे २० वेळा तुटत असे. त्यातून १५ इंच लांबीच्या ठिणग्या निघत आणि त्यांचा दाब सुमारे ६०,००० व्होल्ट असावा, असा अंदाज आहे.

त्या काळी एवढा दाब मोजण्याचे साधन नव्हते. म्हणून कॅलन विद्यार्थ्यांना बसणाऱ्या धक्क्यावरून यंत्राची शक्ती ठरवीत. पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेले विल्यम वॉल्श विद्यार्थिदशेत अशाच एका प्रयोगात बेशुद्ध पडले, असे सांगितले जाते. याशिवाय १८५४ च्या सुमारास कॅलन यांनी महाग प्लॅटिनमऐवजी ओतीव लोखंड वापरून स्वस्त घट बनवला. तो 'मेनूथ बॅटरी' म्हणून प्रसिद्ध झाला.

श्रेयाचा प्रश्न

अमेरिकेत चार्ल्स पेज यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे असे प्रयोग केले होते. पॅरिसमधील यंत्रकार हाइनरिक रुमकॉर्फ यांनी १८५१ च्या सुमारास सुधारित वेटोळी विक्रीस आणली आणि या उपकरणाला त्यांचेच नाव रूढ झाले. १८६४ मध्ये, म्हणजे कॅलन यांच्या मृत्यूच्याच वर्षी, रुमकॉर्फ यांना फ्रान्सचा ५०,००० फ्रँकचा व्होल्टा पुरस्कार मिळाला. कॅलन यांचे अग्रक्रमाचे श्रेय विसाव्या शतकात मान्य झाले.

वारसा

क्ष-किरणांचा शोध लावताना रंटगेन यांनी आणि रेडिओ लहरींवरील प्रयोगांत हर्ट्झ यांनी प्रवर्तन वेटोळेच वापरले. पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनात ठिणगी पाडणारी कॉइल हे त्याचेच रूप होय. मोबाइलच्या चार्जरमध्ये घड्याळाच्या चाकाची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आहे. तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो. प्रत्येक वेळी थोडीच ऊर्जा पुढे पाठवावी लागत असल्याने रोहित्राचा गाभा लहान ठेवता येतो. बाहेर पडणारा दाब सतत तपासून ट्रान्झिस्टर चालू राहण्याचा काळ कमीजास्त केला जातो. कॅलन यांच्या यंत्रात असे नियंत्रण नव्हते. त्यांची मूळ उपकरणे मेनूथ येथील संग्रहालयात जतन केली आहेत.