डॉ. रखमाबाई आणि आपले घर

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीविषयी लिहून द्या, असे तुम्ही मला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे चूल, शेत आणि हळदीचा हंगाम यांतच दिवस गेले. पण गेल्या वर्षी माझ्या घरात एक गोष्ट घडली, आणि त्याच सुमारास मुलीने वाचनालयातून आणलेले डॉ. रखमाबाईंचे चरित्र मी वाचले. या दोन गोष्टी माझ्या मनात अशा गुंतल्या आहेत की, एक सांगायची तर दुसरीही सांगावी लागते. आधी थोरांची हकिकत सांगते, मग माझी.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. त्यांची आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. त्यांच्या सुतार समाजात विधवेने पुन्हा लग्न करण्याची चाल होती. त्याप्रमाणे सहा वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी जयंतीबाईंचा पुनर्विवाह झाला. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत असत आणि झाडपाल्याचे मोठे जाणकार होते. लग्नाआधी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता लेकीच्या नावे करून दिली होती. म्हणजे घर सावत्र वडिलांचे आणि मालमत्ता मुलीची. ही घराची मांडणी ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे त्यावरच घडले.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लागले. तो सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला, गरिबाघरचा. त्याने सासुरवाडीस राहावे, शिकावे आणि चांगले नाव काढावे असे ठरले होते. पण त्याचे शिक्षणात मन लागेना. तो आपल्या मामाकडे जाऊन राहिला. त्या मामाचे घर सरळ नव्हते. घरात लग्नाची बायको असताना त्याने दुसरी बाई ठेवली होती. मुलगी वयात आली तरी इतक्या लहान वयात तिला नवऱ्याकडे पाठवू नये, असे सखाराम अर्जुन यांचे मत होते. ते स्वतः डॉक्टर होते. कोवळ्या वयातल्या संसाराने मुलींच्या शरीराचे काय होते, हे त्यांना ठाऊक होते. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि घरीच वाचून शहाण्या झाल्या.

१८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला की, माझी बायको माझ्या घरी पाठवावी. रखमाबाईंनी जे उत्तर दिले ते मी दोनदा वाचले. नवऱ्याला पोट भरण्याइतकी कमाई नाही. त्याला दम्याचा आणि छातीचा विकार आहे. ज्या मामाच्या घरी तो राहतो, ते घर चांगल्या मुलीने राहण्यासारखे नाही. रागलोभाची भाषा नाही, रडणे नाही. घरात कमावते कोण, आजारी कोण आणि राहणी कशी, एवढ्याच तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या. त्या वेळी त्यांनी डॉक्टरीचा एक धडाही घेतलेला नव्हता, तरी एखाद्या जाणत्या वैद्याने तपासावे तसे त्यांनी ते घर तपासले होते.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा काढून टाकला. पण दादाजींनी अपील केले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट हुकूम दिला की, एका महिन्यात नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. दोन्ही वेळा निकाल कायद्याच्या शब्दांवर झाला. ते घर कसे आहे, याचा तपास कोणी केला नाही. सखाराम अर्जुन तर १८८५ सालीच वारले होते. वर्तमानपत्रांतून वाद पेटला. लोकमान्य टिळकांसारखे मोठे पुरुषही रखमाबाईंच्या विरुद्ध बाजूला होते. अखेर १८८८ साली तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला, आणि रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही.

पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या मदतीने त्या १८८९ साली विलायतेस गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकशाळेत शिकून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. १८९५ पासून सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात आणि नंतर राजकोटच्या इस्पितळात, मिळून सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी नोकरी केली. ज्या काळी आपल्या बायका परपुरुषाला नाडीसुद्धा दाखवीत नसत, त्या काळची ही गोष्ट. निवृत्त झाल्यावर पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी एक पुस्तिका लिहिली. इस्पितळात पस्तीस वर्षे काढलेल्या बाईला अखेरीस औषधावर न लिहिता घरातल्या चालीवर लिहावेसे वाटले, याचे मला फार नवल वाटले. १९०४ साली दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली, असे सांगतात. नाते कागदावर तुटले तरी मनातून कसे तुटते ते ज्याचे त्यालाच माहीत. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या निवर्तल्या.

आता माझी गोष्ट. माझी सून सातव्या महिन्यात होती. तिचे रक्त तपासले तर आठ निघाले. गरोदरपणी ते अकराच्या वर असावे लागते. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. महिन्याने पुन्हा तपासले तरी आठच. मी मनात म्हटले, पोरगी नाजूक आहे, माहेरीच तिचे खाणे बरे नसेल. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र गोळी बदलली नाही. त्यांनी एक कागद घेतला. घरातल्या पुरुषाला चौकोन, बाईला गोल, असे काढून कोणाचे कोणाशी काय नाते ते रेघांनी जोडले. मग सुनेला आणि मला वेगवेगळे बसवून विचारले की, घरात आधी कोण जेवते, शेवटी कोण जेवते, शेवटच्या ताटात भाजी उरते का, पैसा कोणाच्या हाती, आणि दुखले खुपले तर सून कोणाजवळ सांगते.

शेवटच्या प्रश्नाला सुनेने उत्तरच दिले नाही, असे मला मागून कळले. गोळीने तिला मळमळत होते आणि शौचास काळे होत होते. ती घाबरली आणि तिने गोळ्या डब्यात ठेवून दिल्या. मला सांगायची तिला भीती वाटली. जी काही घेतली, ती माझ्याच हातच्या चहाबरोबर. चहाने लोह अंगी लागत नाही, हे मला ठाऊक नव्हते. आधी पुरुष, मग मी, मग ती, अशी आमची पंगत. माझ्या सासूने मला असेच ठेवले होते, म्हणून मीही ठेवले. भगिनींनो, दोष सुनेच्या रक्तात नव्हता, आमच्या ताटांच्या क्रमात होता. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते.

त्या दिवसापासून ती माझ्या शेजारी बसून जेवू लागली. गोळी जेवणानंतर, लिंबाच्या पाण्याबरोबर आणि माझ्या डोळ्यांसमोर. नवव्या महिन्यात रक्त दहावर आले आणि नात सुखरूप झाली.

रखमाबाईंनी कोर्टाला जे तीन मुद्दे सांगितले होते, ते कोर्टाने ऐकले नाहीत. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तसलेच प्रश्न स्वतःहून विचारले. एवढा फरक पडायला शंभराहून अधिक वर्षे लागली. पण आपण घरचे खरे सांगितले नाही, तर विचारणारी तरी काय करील? म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या साखऱ्यातली कोणतीही लेकसून दवाखान्यात जाईल तेव्हा तिच्याबरोबर जाणाऱ्या बाईने घराची अब्रू राखण्यासाठी खोटे सांगू नये. आणि दवाखान्याची वाट न पाहता आज रात्री प्रत्येकीने आपल्या घरचे शेवटचे ताट एकदा डोळे भरून पाहावे.