दादोबा पांडुरंग : व्याकरणाची दुरुस्ती आणि धर्माची नवी मांडणी

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८३६ मध्ये, त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. मराठीचे पाणिनी हे बिरुद त्यांना पुढे मिळाले. ते काहीसे दिशाभूल करणारे आहे. पाणिनीपुढे वैयाकरणांची दीर्घ परंपरा होती. दादोबांपुढे विल्यम केरी (१८०५) आणि स्टीव्हन्सन (१८३३) यांच्यासारख्यांनी परकीयांसाठी इंग्रजीत लिहिलेली पुस्तके आणि शास्त्रीमंडळींचे काही प्रयत्न, एवढेच होते. मराठी भाषकाला त्याच्याच भाषेचे नियम मराठीतून सांगायचे, तर पाटी जवळजवळ कोरी होती.

तरीही दादोबांनी कोऱ्या पाटीवर लिहिले नाही. शब्दांच्या जातींची मांडणी त्यांनी लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर केली, तर विभक्तींची घरे संस्कृतातून घेतली. एका भाषेच्या नियमांना दोन परक्या चौकटींचा आधार मिळाला. शाळेत शिकविण्याजोगे पुस्तक तातडीने हवे होते, ही निकड ध्यानात घेतली म्हणजे या निवडीचे आश्चर्य वाटत नाही.

अडचण मात्र या निवडीतच होती. ‘रामाला मारले’ आणि ‘रामाला पुस्तक दिले’ या दोन्ही ठिकाणी प्रत्यय ‘ला’ हाच. तरी पहिल्या ठिकाणी द्वितीया आणि दुसऱ्या ठिकाणी चतुर्थी मानावी लागते. उलट ‘घोड्याला’, ‘घोड्यावर’, ‘घोड्यासाठी’ या तिन्ही रूपांत ‘घोडा’ या शब्दाचे सामान्यरूप एकच. मग ‘ला’ हा विभक्तिप्रत्यय आणि ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय, हा भेद मराठीने सांगितला की संस्कृताने? विभक्ती प्रत्ययावरून ठरवावी की अर्थावरून, या प्रश्नाचे उत्तर बदलले की कारकविचार बदलतो आणि त्यापाठोपाठ प्रयोगविचारही. एक वीट काढली की भिंत हलते. मराठी व्याकरणाची दुरुस्ती अवघड का, याचे कारण इथे आहे.

या काळात दादोबांपुढे नियमांची आणखी एक व्यवस्था होती : जातिबद्ध आचारधर्माची. तेथे त्यांनी दुरुस्तीचा मार्ग धरला नाही. सुरतेस अध्यापन करीत असताना १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आदींसह त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा उभी राहिली, तिच्यामागील प्रेरणाही त्यांचीच होती. ‘धर्मविवेचन’ या ग्रंथात ईश्वर एक, मनुष्यजात एक, अशा मोजक्या तत्त्वांवर धर्माची पायापासून मांडणी होती. परंतु सभेचे कार्य गुप्तपणे चाले. सभासदांची संख्या पुरेशी वाढल्यावाचून उघड व्हायचे नाही, असे धोरण होते. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली आणि सभा विस्कटली. समाजाच्या नकळत नवा धर्म उभारता येईल, ही त्यांची सर्वांत मोठी चूक म्हणावी लागेल. १८६७ मध्ये निघालेल्या प्रार्थना समाजाने हे कार्य उघडपणे केले. त्याचे पहिले अध्यक्ष दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग होते.

अहमदनगर येथील डेप्युटी कलेक्टरी, रावबहादूर किताब, मोरोपंतांच्या ‘केकावली’वरील ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका, हा तपशील सुपरिचित आहे. व्याकरण मात्र त्यांनी कधीच हातावेगळे केले नाही. १८५० मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, त्यानंतरही आवृत्त्या निघत राहिल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या निबंधांतून त्यांच्या व्यवस्थेची कठोर झडती घेतली. शेवटी १८८१ मध्ये दादोबांनी ‘पूरणिका’ प्रसिद्ध केली : पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या ग्रंथाला जोडलेली भर. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले.

१९११ मध्ये मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिले, ते पूर्वसूरींची मते एकेक तपासून. दादोबांना वळसा घालून त्यांनाही पुढे जाता आले नाही. १९६४ मध्ये अरविंद मंगरूळकरांनी संस्कृताच्या चौकटीचाच पुनर्विचार मांडला. तोही विद्यापीठीय चर्चेत राहिला. शालेय पुस्तकांतील विभक्तींचा तक्ता हलला नाही.

या व्यवस्थेची व्याप्ती मात्र भाषेएवढी नव्हती, इंग्रजी अमलातील शाळांएवढी होती. अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याशी, खानदेशाच्या सीमेवर वसलेले सोयगाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि मुंबईच्या शिक्षणखात्याच्या छायेत वाढलेली व्याकरणाची ही परिपाठी तेथील वर्गांतही रुळली. दादोबांनी प्रमाण धरली होती ती शिष्टांची लेखी मराठी. सीमेवरच्या या बोलीचे रूप त्यांच्या कोणत्याही आवृत्तीच्या कक्षेत नव्हते. सोयगावच्या शाळेतला विद्यार्थी घरी ऐकलेली रूपे बाजूला ठेवून द्वितीया आणि चतुर्थीच्या दोन रकान्यांत एकच ‘स, ला, ते’ पाठ करू लागला.