पाखरांचे थोर अभ्यासक डॉ. सालिम अली



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणा एका थोर व्यक्तीचे चरित्र येते. यंदा ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. म्हणून फार मोठ्या गोष्टींत न शिरता, ज्यांचे नाव मुलांच्या पुस्तकात वाचले आणि ज्यांच्यामुळे अंगणातल्या चिमणीकडे मी नीट पाहू लागले, त्या डॉ. सालिम अली यांच्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

सालिम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईस झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. एवढ्या मोठ्या भावंडांच्या गोतावळ्यातले हे शेंडेफळ, पण पोरके. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी या सर्व मुलांना मायेने वाढविले. जन्म न देताही आई होता येते, हे त्या माउलीने दाखविले.

मामांना शिकारीचा नाद होता. त्यांनी भाच्याला छऱ्यांची छोटी बंदूक दिली. दहा-बारा वर्षांच्या सालिमने तिने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणती, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठविले. साहेबांनी पक्षी ओळखला, मुलाला पेंढा भरून ठेवलेल्या पाखरांची कपाटे दाखविली आणि वाचावयास पुस्तके दिली. मुलाच्या प्रश्नाला हसून घालवून दिले असते, तर हिंदुस्थान एका मोठ्या संशोधकास मुकला असता. मुलांच्या प्रश्नांना आपण उत्तर कसे देतो, याचा आपणही विचार करावा.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. प्रकृती नाजूक, डोकेदुखीने शाळा बुडे. 1913 साली ते मॅट्रिक झाले, पण कॉलेज पुरे झाले नाही. ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात गेले, तेथेही हिशेबापेक्षा लक्ष रानातल्या पाखरांकडेच. धंदा बुडाला. 1918 साली तहमिना बेगम यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्यात जागा मिळाली नाही. 1926 साली मुंबईच्या म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगण्याची नोकरी लागली. पुढे रजा काढून ते जर्मनीस बर्लिनला गेले आणि स्ट्रेसेमान या पंडितांच्या हाताखाली शिकले. 1930 साली परत आले तो नोकरीच गेलेली. पैशाअभावी ती जागाच बंद झाली होती.

अशा वेळी कोणत्याही घरात काय बोलणे होते, ते आपणांस ठाऊक आहे. पाखरे पाहून का पोट भरते, हेच कोणीही म्हणेल. तहमिनाबाई सुखवस्तू घरातल्या, शिकलेल्या. पण नवऱ्याचा जीव कशात आहे हे त्यांनी ओळखले. दोघे अलिबागजवळच्या किहीम गावी राहावयास गेली. आणि त्या बेकारीच्या दिवसांतच सालिम अलींच्या हातून मोठे काम झाले.

तेथे सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. आपल्याकडेही विहिरीवर झुकलेल्या बाभळीला पावसाळ्यात हे खोपे लोंबताना दिसतात. कुशल गृहिणीला आपण सुगरण म्हणतो आणि खोप्याचे सारे श्रेय मादीला देतो. सालिम अली मात्र झाडाजवळ तासन् तास बसून पाहत राहिले आणि पाहिलेले रोज वहीत टिपत गेले. तेव्हा कळले ते असे: खोपा विणतो नर. गवताच्या, पात्यांच्या बारीक चिरफळ्या काढून तो अर्धा खोपा तयार करतो. मग माद्या येतात, आत शिरून तपासतात. पसंत पडला तर मादी तेथे राहते आणि नर खोपा पुरा करतो. नापसंत झाला तर सारी मेहनत वाया! एक मादी नांदू लागली की नर दुसरा खोपा बांधावयास घेतो, दुसरीसाठी. अंडी उबविण्याचे काम एकट्या मादीकडे. वाचून मला हसूही आले आणि नवलही वाटले. पिढ्यान् पिढ्या खोपा साऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण त्याखाली ठाण मांडून एवढे बारकाईने पाहिले ते या माणसाने.

त्यानंतर त्यांनी संस्थानांमधील पक्ष्यांची पाहणी सुरू केली. 1931-32 साली निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. आपला बीड जिल्हा त्या वेळी त्याच संस्थानात होता, म्हणून या कामाविषयी मला विशेष आपलेपणा वाटतो. रानात मुक्काम, बैलगाडीची वाट, गैरसोय पुष्कळ. बहुतेक पाहण्यांत तहमिनाबाई बरोबर असत. पण 1939 साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सालिम अली पुन्हा पोरके झाले. मग बहिणीने व मेहुण्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. मामी, पत्नी, बहीण, या तिघींनी हे घर सावरले नसते तर पुढची पुस्तके झाली असती का, असे माझ्या मनात येते.

1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. त्यामुळे साध्या माणसांस पाखरे ओळखता येऊ लागली. पुढे अमेरिकेचे रिप्ले यांच्यासह त्यांनी 1968 ते 1974 या काळात दहा खंडांचा ग्रंथ पुरा केला. अभ्यासासाठी पूर्वी पाखरे मारावी लागत, त्यांनीही मारली. पण फोटोनेही पक्षी घरी आणता येतो. त्यांचे सिंगापूरचे स्नेही लोक वान थो हे तर आडोशामागे कॅमेरा लावून पक्ष्यांचे अप्रतिम फोटो घेत. भरतपूरचे पाणथळ रान आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल राखावे म्हणून सालिम अलींनी आपला शब्द खर्च केला. 1958 साली पद्मभूषण व 1976 साली पद्मविभूषण मिळाले. 1985 साली ते राज्यसभेवर नेमले गेले. 20 जून 1987 रोजी नव्वदाव्या वर्षानंतर मुंबईस त्यांचे निधन झाले. 12 नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताहाचा शेवटचा दिवस म्हणून पाळतात.

आता आपल्यापुरते सांगते. ज्वारी हुरड्यात आली की आपण गोफण घेऊन पाखरे हाकीत आलो. म्हणजे पाखरांशी आपली ओळख जुनीच. टिटवी, होला, साळुंकी, वेडा राघू, कुंभार कुकडा ही नावे आपल्या तोंडी आहेत. दुपारी भांडी आवरल्यावर अर्धा तास परसात बसावे, कोणते पाखरू आले, काय खाल्ले, घरटे कशाचे केले, ते मुलांच्या जुन्या वहीत तारखेनिशी लिहावे. त्याला दमडी लागत नाही. घरात मोबाइल असेल तर फोटोही काढावा, मात्र लांबून. घरट्याजवळ गेल्यास पाखरू अंडी टाकून जाते. खुरपताना टिटवीची अंडी दिसली तर फोटोसाठी ती हलवू नयेत, त्या जागेला वळसा घालावा.

छंद हा पुरुषांनाच असावा असे काही नाही. दिवसभर घरच्यांसाठी राबणाऱ्या बाईला अर्धा तास स्वतःच्या डोळ्यांसाठी मिळाला, तर घराचे काही बिघडत नाही, उलट ती टवटवीत मनाने चुलीकडे वळते. आपल्या मंडळाने एक वही ठेवावी आणि नांदूरघाटच्या शिवारातले पक्षी तीत आपल्या हाताने लिहावेत, अशी माझी नम्र सूचना आहे. पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत ती यादी छापून यावी, एवढी इच्छा व्यक्त करून लेख पुरा करते.