वारी संपते तिथे पहिला नमस्कार चोखोबांना! कोण होते संत चोखामेळा? जाणून घ्या

मुंबई : आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर पायी कापल्यावर वारकरी चंद्रभागेत स्नान करतात आणि विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराकडे वळतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून वारीला जाणाऱ्यांचाही क्रम हाच. पण मंदिरात शिरण्याआधी ते समोरच्या एका समाधीपुढे हात जोडतात. ही समाधी संत चोखामेळा यांची. हयातीत त्यांना हे महाद्वार ओलांडता आले नव्हते.

कोण होते चोखोबा?

चोखामेळा चौदाव्या शतकातले संतकवी. महार समाजात जन्म, वास्तव्य मंगळवेढ्यात. गावची मेलेली गुरे ओढणे, पडेल ती कामे करणे हे त्यांच्या वाट्याला आलेले जिणे. संत नामदेव त्यांचे गुरू. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका या सगळ्यांनी अभंग रचले. विटाळ नेमका कोणाला नि कशाचा, हा प्रश्न या घराने देवालाच विचारला.

पंढरपूर दूर नव्हते

मंगळवेढ्याहून पंढरपूर सुमारे २५ किलोमीटर. चोखोबा तिथे पोहोचत, पण अस्पृश्य मानले गेल्याने त्यांना बाहेरूनच दर्शन घ्यावे लागे.

मृत्यू कसा झाला?

मंगळवेढ्यात गावकुसाचे काम सुरू असताना भिंत कोसळली आणि मजुरांसह चोखोबा गाडले गेले. परंपरेनुसार हे साल १३३८. नामदेव तिथे गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या, अशी आख्यायिका आहे. त्या पंढरपुरात आणून महाद्वारासमोर समाधी बांधली गेली. पुढे नामदेवांची समाधीही महाद्वाराच्या पायरीशीच झाली. तीच आजची नामदेव पायरी.

दार कधी उघडले?

समाधीला मान मिळाला, तरी चोखोबांच्या समाजाला मंदिर बंदच राहिले. त्यासाठी साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केले. १० मे रोजी ते सुटले आणि प्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. तोवर चोखोबांना जाऊन सहाशेहून अधिक वर्षे उलटली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला.

आज काय?

आषाढीला दर्शनाची रांग इतकी लांबते, की अनेक वारकरी कळसाला हात जोडून परततात. त्यांची वारी पूर्ण मानली जाते. मात्र फरक विसरता येणार नाही. आजचा वारकरी गर्दीमुळे बाहेर थांबतो. चोखोबांना जातीमुळे बाहेर थांबवले होते.